पुढं कुणाला द्यावं

त्यांना गावात सगळे मेजर म्हणत. आमच्याकडं पलटणीतून आलेला कुणीही माणूस मेजरच असतो, मग तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की सुभेदार म्हणून. हाक मारणाऱ्याला फरक पडत नाही आणि ज्याला मारली त्याला बरंच वाटतं. अपवाद मी एकच पाहिला. या गृहस्थांना कुणी मेजर म्हटलं की ते थांबत, वळत आणि म्हणत, "मेजर न्हाई. हवालदार. कोत हवालदार." मग पुढचं बोलणं सुरू होई. मी त्या गावात नऊ वर्षं काढली. तेवढ्या काळात ही दुरुस्ती त्यांनी किती वेळा केली असेल देव जाणे, पण गावानं ती एकदाही मनावर घेतली नाही. मीही नाही.

कोत म्हणजे पलटणीतली हत्यारं ठेवायची खोली. कुठली रायफल कुणाला दिली, कधी दिली, परत आली तेव्हा कशी होती, हे सगळं कोत हवालदाराच्या वहीत आणि डोक्यात. मेजरांनी निम्मी नोकरी या खोलीत काढली होती. गावी परत आले तेव्हा ग्रामपंचायतीच्या वरच्या मजल्यावरचं वाचनालय बंद पडायला आलं होतं. ते त्यांनी मागून घेतलं. म्हणजे त्यांच्या भाषेत चार्ज घेतला. पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळी पुस्तकं खाली उतरवली, एकेक फडक्यानं पुसलं, पाठीचा कणा दाबून पाहिला आणि नवे नंबर टाकले. वाळवीनं खाल्लेल्यांची यादी केली आणि तिच्यावर लाल शाईनं मथळा दिला, 'शहीद'. ती यादी भिंतीवर चौकटीत होती आणि तिला दर शनिवारी फडकं मारलं जाई.

गाव कवठे महांकाळपासून आत. मी तिथल्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात वाचनालयाची सभासद व्हायला गेले. काय वाचायला आवडतं असं विचारतील म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. चांगलं भारदस्त उत्तर होतं. मेजरांनी कार्ड पुढं ओढलं आणि विचारलं, "सिस्टर, दिवसातनं कंचा शब्द तुमच्या तोंडात लय वेळा येतो?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते पेन उघडं धरून बसले होते. शेवटी मी विचार करून खरं तेच सांगितलं, "घाबरू नका."

त्यांनी ते कार्डावर लिहिलं. "आनि तुमी सोता कशाला भ्येता?"

"सापाला."

माझ्या क्वार्टरची मागची भिंत द्राक्षबागेला लागून होती आणि पहिल्या दिवसापासून मी रात्री बॅटरी उशाला घेऊन झोपत होते. मेजर उठले, कपाटापर्यंत गेले आणि लहान मुलांसाठी लिहिलेलं सापांचं एक पुस्तक घेऊन आले. टपोरी अक्षरं, पानभर चित्रं. मी म्हटलं, "अहो, हे पोरांचं आहे." ते म्हणाले, "व्हय. भ्या बी पोरपणीचंच असतंय. सही करा."

मी सही केली, पण मनातून चांगलीच चिडले होते. नर्सिंगच्या परीक्षेत पहिल्या श्रेणीत आलेल्या बाईला चित्रांचं पुस्तक! पुढं दीड-दोन महिन्यांनी माझ्या मोरीत एक पट्ट्यापट्ट्यांचा साप निघाला. मी किंचाळले नाही. पट्टे डोक्याकडं ठळक आहेत की शेपटीकडं, ते मी वाकून पाहिलं. डोक्याकडं ठळक होते. म्हणजे कवड्या, बिनविषारी. मण्यार असता तर उलटं असतं. मी त्याला केरसुणीनं दाराबाहेर काढला आणि मग पायरीवर बसून घटाघटा पाणी प्यायले.

पुस्तक परत द्यायला गेले तेव्हा मी कौतुकानं म्हटलं, "छान आहे हो पुस्तक."

"छान ह्ये उत्तर न्हाई," मेजर म्हणाले. "चांगलं का वाईट त्ये मला सांगू नका. त्ये पुस्तक बघून घील. पुढं कुणाला द्यावं त्येवढं सांगा."

हा त्या वाचनालयाचा कायदा होता. पुस्तक जमा करताना मेजापुढं उभं राहायचं आणि पुढं ते कुणाला द्यावं हे एका वाक्यात सांगायचं. नाव घ्यायचं नाही, माणूस सांगायचा. ते वाक्य मेजर पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या कागदावर जसंच्या तसं उतरवून घेत. सांगता आलं नाही तर पुस्तक परत हातात: "न्हाई वाचलेलं तुमी. आनि आठ दिस घ्या." शाळेतल्या एका गुरुजींना त्यांनी असं तीनदा माघारी पाठवलं होतं. मी पाच मिनिटं उभी राहिले आणि म्हटलं, "ज्याच्या दाराशी साप मारायची काठी कायम तयार असते, त्याला." मेजरांनी लिहून घेतलं, एकदा वाचलं आणि पुस्तक कपाटात न ठेवता वेगळं काढून ठेवलं. कुणाला द्यायचं ते त्यांना कळलं होतं. गावातल्या कुणाच्या दाराशी कसली काठी आहे हे त्या माणसाला ठाऊक होतं.

कथा-कादंबऱ्यांवर त्यांचा राग नव्हता, पण त्या देताना त्यांचा हात उत्साहानं हलत नसे. "गोष्टी गावात फुकट मिळत्यात," म्हणत. त्यांचा सगळा जीव माहितीच्या पुस्तकांत, कोशांत आणि पोरांच्या पुस्तकांत. त्यातही पोरांची पुस्तकं मोठ्यांना आणि मोठ्यांची पोरांना. उसाचं पाचट दरवर्षी पेटवून देणाऱ्या एका बागायतदाराला त्यांनी गांडुळावरचं अठरा पानांचं पुस्तक दिलं होतं. तो माणूस चावडीवर आठ दिवस त्यांची चेष्टा करत होता. नवव्या दिवशी आला, मेजापुढं उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "ज्येच्या खिशात काडेपेटी हाय, त्येला द्या." त्यानंतर त्याच्या रानात धूर दिसला नाही. हे मी ऐकलेलं नाही, मी त्याच वाटेनं लसीकरणाला जात असे.

खरं सांगते, त्या वाचनालयात वाचण्यासारखं सगळ्यात चांगलं काही असेल तर ते शेवटचे कागद. वारसा हक्कांच्या माहितीपुस्तकामागं कुणीतरी सांगितलं होतं, 'माझे भाऊ सोडून सगळ्यांना.' अन्नाचा पोटातला प्रवास सांगणाऱ्या पोरांच्या पुस्तकामागं, 'जेवताना मोबाइल बघणाऱ्यांना.' थोरल्या शब्दकोशामागं एका पैलवानाचं वाक्य होतं, 'लय भारी हाय. दोन हातानं धरावं.' यात पुढं कुणाला द्यावं ते कुठं आहे, असं मी विचारलं. मेजर म्हणाले, "न्हाई. पर इशारा बरोबर हाय."

अथणीकडून लग्न होऊन आलेली एक सून होती. घरात कानडी बोलायला बंदी आणि मराठी येईना, त्यामुळं पोरगी गप्पच असायची. मेजरांनी तिला चित्रांचा शब्दकोश दिला, आणि तोही नवऱ्याकडं न देता तिला स्वतः सही करायला लावून. तिनं दर चित्राखाली पेन्सिलीनं बारीक कानडी शब्द लिहिले. पुस्तकावर रेघ ओढणाऱ्याला मेजर एरवी फाडून खात, पण इथं काही बोलले नाहीत. परत देताना ती म्हणाली, "सासूला." आणि सासूबाई खरंच येऊन ते घेऊन गेल्या. लोण्याला कानडीत बेण्णी म्हणतात हे त्यांनी मला इंजेक्शन घेता घेता सांगितलं.

विश्वकोशासारखा एक मोठा ग्रंथ होता, पण त्याचा एकच खंड, 'क'चा. तो चक्कीवाल्या मावशींनी अख्खा वाचून काढला होता. कापूर, कासव, कावीळ, कोळसा, कुठलंही विचारा. एकदा मी मुद्दाम गेंड्याबद्दल विचारलं. मावशी शांतपणे म्हणाल्या, "त्यो खंड आपल्याकडं न्हाई."

आता मी कराडला आहे. इथलं वाचनालय मोठं आहे आणि माझा फोन मला रोज सांगतो की अमुक आवडलं असेल तर तमुक आवडेल. बऱ्याचदा आवडतंही. पण मेजरांनी दिलेलं पुस्तक आवडायचं नाही, लागायचं. हे त्यांना कसं जमतं याचा मी नऊ वर्षं विचार केला आणि शेवटी तो नाद सोडला. काही माणसांपुढं आपण नुसतं चकित व्हावं, त्यात कमीपणा नाही.

त्यांच्यावर मी एकदाच भयंकर संतापले. ते माझ्या वडलांवरून.

माझ्या तिथल्या सातव्या वर्षी आण्णांना अर्धांगाचा झटका आला. मी त्यांना माझ्या क्वार्टरवर आणलं. उजवा हात गेला, पाय फरफटू लागला आणि बोलणं बंद झालं. कळत सगळं होतं. शब्द तेवढे येत नव्हते. सांगलीच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, की बोलायचा सराव आताच झाला पाहिजे, पहिल्या काही महिन्यांत जे परत येतं ते येतं, पुढं अवघड. मी चित्रांचे तक्ते आणले, रोज समोर बसले. आण्णा भिंतीकडं तोंड करून पडून राहत. चार महिन्यांत त्यांनी उंबरा ओलांडला नाही. बाहेर कुणीतरी काहीतरी विचारील आणि आपलं तोंड नुसतंच हलेल, याची त्यांना लाज वाटत होती. महिने संपत चालले होते आणि मी दिवसभर दुसऱ्यांना घाबरू नका म्हणत हिंडत होते.

शेवटी मी मेजरांकडं अंकलिपी मागायला गेले.

"न्हाई मिळणार."

मला ऐकू आलं ते खरं वाटेना. सगळ्या गावातल्या बाप्यांना पोरांची पुस्तकं वाटणारा माणूस मला अंकलिपी नाही म्हणत होता. मेजर म्हणाले, "सही ज्येची त्येनं करायची. दुसऱ्याच्या नावावं हत्यार देत न्हाईत, सिस्टर." आणि वही काखेत मारून माझ्याबरोबर घरी आले.

आण्णांच्या खाटेशी ते खुर्ची न घेता खालीच बसले. "रामराम आण्णा. कोत हवालदार." मग कार्ड काढलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "आवं, नोकरीत कंचा शब्द लय वेळा तोंडात यायचा तुमच्या?"

मी मध्ये बोलायला गेले. त्यांनी हात वर केला आणि वाट बघत राहिले. आण्णांचे ओठ हलले. पुन्हा हलले. आवाज आला नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी तोंड फिरवलं. तरी मेजर बसूनच.

अंगणात आल्यावर मी त्यांना नाही नाही ते बोलले. माणसाची दया येत नाही का, तुमच्या कार्डापायी आजारी माणसाला रडवता का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता तुमी सांगा."

मी रागातच म्हटलं, "कंडक्टर होते. सांगली-जत. गावांची नावं घ्यायचे, दुसरं काय बोलणार?"

त्यांनी उभ्या उभ्या ते कार्डावर लिहिलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी वाचनालय बंद होतं. तिसऱ्या दिवशीही. माझ्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. मेजर सांगली-मिरजेच्या रद्दीवाल्यांकडं पोती उपसत हिंडत होते, हे मागाहून कळलं. चौथ्या दिवशी निरोप आला, 'आण्णांचं पुस्तक आलंय.' मी गेले. मेजावर लाल बसचं जुनं वेळापत्रक होतं. मागं भाड्याचे तक्ते, प्रत्येक मार्गावरचे सगळे टप्पे क्रमानं. मुखपृष्ठ गेलेलं, त्यावर मेजरांनी खाकी पुठ्ठा चढवला होता, नंबर टाकला होता आणि शिक्का मारला होता: संदर्भ.

मी हात पुढं केला. त्यांनी पुस्तकावर हात ठेवला.

"संदर्भ हाय. घरी न्हाई जात. हितं बसून वाचायचं."

"मेजर, चौदा पायऱ्या आहेत. त्यांचा उजवा हात चालत नाही आणि तुमचा कठडा उजव्या बाजूला आहे."

"बघितलंय म्या. उतरताना बगा."

मी तणतणत उतरले आणि मधेच थांबले. येताना रागात मी पाहिलंच नव्हतं. जिन्याच्या दुसऱ्या बाजूला, चढणाऱ्याच्या डाव्या हाताशी, भिंतीत नवे खिळे ठोकून वरपासून खालपर्यंत जाड दोर ताणून बांधलेला होता. मी तो ओढून पाहिला. हलला नाही. मग मी तिथंच पायरीवर बसून रडले.

घरी येऊन आण्णांना सांगितलं, "वाचनालयात टप्प्यांचं पुस्तक आलंय. जुन्या भाड्याचं." आण्णा भिंतीकडून वळले. माझ्याकडं बघत राहिले आणि मग डाव्या हातानं खुंटीवरच्या टोपीकडं बोट केलं.

तीन मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला अर्धा तास लागला. दोर धरून आण्णा एकेक पायरी चढले. मेजर वर दारात उभे होते, पण हात द्यायला खाली आले नाहीत. बाकावर चार-पाच जण वर्तमानपत्रं वाचत होते, तसेच वाचत राहिले. त्यांना आधीच तंबी मिळाली असावी.

मेजरांनी पान उघडलं आणि परेडला हजेरी घ्यावी तसं खड्या आवाजात वाचलं, "सांगली. मिरज. तानंग. कळंबी. भोसे. कवठे महांकाळ."

आण्णांनी मेजावर डाव्या हातानं थाप मारली.

मेजरांनी पुन्हा वाचलं, तसंच. आण्णांनी दोन थापा मारल्या. चेहरा लाल झाला होता. तिसऱ्यांदा मेजर 'भोसे'च्या पुढं गेले मात्र, आण्णांच्या घशातून आवाज फुटला. "शि... शिर... शिरढोण!"

मी कपाटाला धरून उभी होते. हजारो वेळा म्हटलेले शब्द डोक्यात निराळ्या जागी शाबूत राहू शकतात, हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण माझ्याच घरात ते मला सुचलं नाही आणि नववी पास हवालदाराला सुचलं. शिरढोण मुद्दाम गाळलं होतं का, असं मी त्यांना नंतर विचारलं. "चुकलो," एवढंच म्हणाले. नंबर न बघता हजार पुस्तकं सांगणारा माणूस छापलेली ओळ वाचताना चुकला, यावर माझा आजही विश्वास नाही.

त्यानंतर आण्णा रोज दहाला वाचनालयात. सुरुवात सांगलीपासूनच करावी लागे, मधून कुठून चढता येत नसे. 'भोसे' म्हणायचं तर आधी सांगली, मिरज, तानंग, कळंबी घ्यायला लागायचं. बाकावरचे लोक थांबायला शिकले. हळूहळू टप्प्यांच्या फटींतून दुसरे शब्द यायला लागले. चहा. उद्या. नको. पण ते एकेकटे, आणि तेही मला किंवा मेजरांना. बाकीच्यांशी आण्णा बोलत नसत. चुकलं तर काय, ही भीती गेली नव्हती.

असे दोन महिने गेले. एका सकाळी आण्णांनी वेळापत्रक मिटलं आणि मेजरांच्या पुढं सरकवलं. वाचून झालं होतं. मेजरांनी शेवटचा कागद उघडला, पेन काढलं. "पुढं कुणाला द्यावं, आण्णा?"

वाचनालय भरलं होतं, बाकावर जागा नव्हती. वर्तमानपत्रं खाली आली. मी म्हटलं, "मेजर, मी सांगते त्यांच्या वतीनं." मेजरांनी हात वर केला. तोच हात, खाटेशी केला होता तसा. या वेळी मला राग आला नाही, भीती वाटली.

आण्णांनी डोळे मिटले आणि सांगलीहून निघाले. मिरज. तानंग. कळंबीला अडकले, मागं जाऊन पुन्हा आले. भोसे. शिरढोण. कवठे महांकाळ. तिथं थांबले. सगळी खोली त्यांच्याबरोबर थांबली होती. मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या... पोरीला."

झटक्यानंतर त्यांनी मला हाक मारली नव्हती. मी तोंडावर पदर धरला. मेजरांनी मात्र मान वर केली नाही. 'माझ्या पोरीला' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, माझं कार्ड शोधून काढलं आणि पुढं ठेवलं. "सही करा, सिस्टर." माझी सही धड आली नाही. मी वेळापत्रक उचललं आणि दाराकडं वळले, तसे ते मागून म्हणाले, "संदर्भ हाय. घरी न्हाई जात."

मी पुस्तक छातीशी धरून तशीच उभी राहिले. बसायला कुठं जागा नव्हती. तेव्हा आण्णांनी बाकाच्या कडेला डाव्या हातानं टकटक केलं आणि ज्यांच्याशी एरवी बोलत नसत त्या सगळ्या माणसांना, भरलेल्या गाडीत म्हणायचे त्याच आवाजात, म्हणाले, "चला... सरका पुढं. बाईमाणूस हाय."

सगळा बाक सरकला. मी आण्णांच्या शेजारी बसले आणि पहिलं पान उघडलं.